सुतकात बंद केलेला डबा

प्रिय दिनूभाऊजी,

आज शनिवार. उद्या अजित मला पुण्याला न्यायला येतोय. माझ्या हातात एक दिवस उरलाय आणि तुमचा डबा अजून बोलत नाही. राग कोणावर काढायचा? जिवंत माणसांवर काढला तर ती एकमेकांकडे बघतात आणि माझ्यापुढे चहा आणून ठेवतात. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही निदान चहा देणार नाही.

तुम्ही गेलात त्याला आज चोवीस दिवस झाले. दुपारी जेवायला बसलात, पहिला घास घेतलात, म्हणालात, "वहिनी, छातीत जरा कसंतरीच होतंय." बीडच्या दवाखान्यापर्यंत तुमचा हात माझ्या हातात होता. पुढचं काही लिहीत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

तुमचे भाऊ गेल्यानंतर नऊ वर्षं या चौसाळ्याच्या घरात आपण दोघंच राहिलो. लग्न न केलेला दीर आणि विधवा वहिनी. गाव काय काय बोललं ते तुमच्याही कानावर येत होतं आणि माझ्याही. आपण एकमेकांना कधी सांगितलं नाही, एवढंच. तुम्ही गेलात तेव्हा चौकात तुमचा मोठा फ्लेक्स लागला. खाली शोकाकुल म्हणून बहिणीचं नाव, पुतण्याचं नाव, मित्रमंडळ, व्यापारी मंडळी. माझं नाव नाही! मी विचारलं तर म्हणाले, भावजयीचं नाव टाकत नसतात. भेटायला आलेली बाई आधी कमलवन्संच्या गळ्यात पडायची, त्यांचा भाऊ गेला म्हणून, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "पाणी आणता का जरा?"

मी पाणी आणत होते, भाऊजी. तेरा दिवस पाणीच आणत होते.

आता डब्याचं ऐका.

तुम्ही अंगाखांद्यावर वाढवलेला तो चपलांच्या खोक्याएवढा संगणक, पडदा नाही, बटणं नाहीत, एक हिरवा दिवा तेवढा. मधल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात तो सात वर्षं गुपचूप बसून आहे. गाणी त्याच्या पोटात. तो स्वतः हूं की चूं करत नाही. ज्याच्या फोनमध्ये तुम्ही ॲप घालून दिलं, त्याच्या घरी तो गातो. गेवराईत गातो, परभणीत गातो, एका निवृत्त ड्रायव्हरच्या मुलाकडे नाशिकला गातो. आपल्या घरात मात्र शांतता.

अजित म्हणतो, "आई, आता सगळी गाणी फोनवर मिळतात. त्या डब्यात वेगळं काय आहे?"

वेगळं काय आहे! त्याला कसं सांगू? तुमचं मांजरसुंब्याच्या फाट्यावरचं कॅसेटचं दुकान त्याने लहानपणी पाहिलंय, पण त्याला तिथल्या गोळ्या-बिस्किटांची आठवण आहे. ट्रकवाले तुमच्याकडे गाण्याचं नाव सांगत नसत, गावाचं नाव सांगत. "दिनूभाई, सोलापूर भरून दे." आणि तुम्ही सोलापूर भरून द्यायचात! घाट उतरताना कुठलं गाणं हवं, पारगावच्या सपाटीला कुठलं, जेवून झोप यायला लागते त्या पट्ट्यात कुठली कव्वाली हवी, हे सगळं मोजून. बाजू अ कुठे संपणार ते तुम्ही आधी सांगत होतात आणि कॅसेट खरंच त्याच ढाब्यापाशी संपायची. गाणी जगाची होती, क्रम तुमचा होता. तो कुठल्या ॲपवर मिळतो, सांगा मला.

आणि लेबलं माझी. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टीने बोटांवर मारून मारून जे अक्षर वळवलं, ते शेवटी तुमच्या कॅसेटींच्या कामाला आलं. "सोलापूर फेरी, बाजू अ." "नागपूर फेरी, बाजू ब." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कोणाशी काय बोलावं ते कळत नव्हतं. माझी भाषा वेगळी, त्यांची वेगळी. तुम्ही एक दिवस लेबलांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलात आणि म्हणालात, "वहिनी, आमचं अक्षर म्हंजे कोंबडीचं. तुमी लिवा." त्या दिवशी मला या घरात काम मिळालं. स्वयंपाक सोडून एक काम!

दुकान बंद केल्यावर दोन वर्षं तुम्ही एकेक कॅसेट डब्यात भरत होतात आणि मी नावं टाइप करत होते. तेव्हा तीनदा तरी म्हणालात, "बसा दहा मिनिटं, हे जोडलंय कसं ते दाखवतो." तिन्ही वेळा मी म्हणाले, मला भाजी निवडायची आहे. कसली भाजी होती ती? मेथी? शेपू? आज आठवतसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी रशीदभाई आले. तुमचे सोलापूर लाइनचे जुने ड्रायव्हर. आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, मुलाच्या फळांच्या टेंपोत बसून गेवराईहून आले. बाहेर ओट्यावर बसले. उठताना हळूच म्हणाले, "भाभी, पूछना नै चाहिए आज. पन डब्बा परसों से गप है."

मी आत जाऊन पाहिलं. हिरवा दिवा नाही. वायर गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली.

"म्या काढली," वन्सं म्हणाल्या. "सुतकात घरात गाणं वाजतंय व्हय कुटं? लोक नावं ठिवतील."

"वन्सं, तो वाजत नाही हो. त्याला आवाजच नाही."

"मंग कावून लावून ठिवायचा?"

मी वायर कोनाड्यातच राहू दिली. गप्प बसले, हीच माझी चूक. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत तुमचा चुलतभाऊ फोनवर क्रिकेट बघत होता, पोरं नाचाचे व्हिडिओ बघत होती, वन्संचं स्वतःचं कीर्तन चालू होतं. सगळं आपल्याच वायफायवर! मीच प्रत्येकाला पासवर्ड सांगितला होता. पंधरा-वीस फोन त्या राउटरला लटकलेले, सगळ्यांचे आवाज चालू. बंद कोण? ज्याला आवाज नाही तो एकटा.

चौदाव्या दिवशी मी वायर लावली. हिरवा दिवा लागला. मला वाटलं, झालं. फोनवर ॲप उघडलं तर गोल फिरत राहिलं आणि मग आलं, सर्व्हरशी संपर्क होत नाही.

अजितला फोन केला. तो म्हणाला, "आई, सोड ना आता. मी येतो, डब्यातलं सगळं एका डिस्कवर घेतो, कनेक्शन बंद करून टाकू. तू इकडे चल. एकटी राहून तिथे काय करणार? एक साधा डबा बंद पडला तर तुला सुरू करता येत नाही."

तो प्रेमाने म्हणाला. माझा मुलगा वाईट नाही. पण शेवटचं वाक्य मला लागलं, भाऊजी. फार लागलं.

मी म्हणाले, "आणि करता आला तर?"

"काय?"

"तू येईपर्यंत डबा पहिल्यासारखा चालू झाला तर मी इथेच राहीन. नाही झाला तर गाडीत बसेन, एक शब्द न बोलता."

तो हसला. "चालेल. शब्द दिलास हं."

दिला. रागात दिला.

मग त्या नेटवाल्याला बोलावलं. आले गृहस्थ, मिशा पिळत, खुर्चीत बसले, फोन काढून पाहिला. "काकू, नेट तर एकदम टकाटक हाय. ह्ये बगा, स्पीड. त्या डब्याचं आमाला काय ठावं न्हाई. टाचणी हाय का घरात? राउटरला मागनं रिसेट मारतो, समदं कोरं हुतंय. मंग बगा कसं पळतंय."

मी टाचणी आणायला उठलेसुद्धा. राउटर त्यांनी उलटा केला आणि मला मागची चिठ्ठी दिसली. तुमचं ते कोंबडीचं अक्षर. "येथे टाचणी घालू नये. घातल्यास आधी मला फोन करावा."

"ठेवा तो खाली," मी म्हणाले.

"आवो काकू, एका मिंटाचं काम हाय."

"ठेवा म्हणते ना!" मी त्यांच्या मनगटालाच धरलं. परक्या पुरुषाचं मनगट! ते इतके दचकले की चहा न घेता गेले. नंतर मला कळलं की त्या एका टाचणीने तुम्ही राउटरला शिकवलेलं सगळं पुसलं गेलं असतं. पण मला फोन करावा म्हणजे काय हो? कुठल्या नंबरवर करू आता?

मग तुमची वही शोधली. सापडली कुठे, तर पंचांगाखाली. तुम्ही त्यात सगळं गावासारखं लिहिलंय. राउटर म्हणजे पोस्टमन. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक घर नंबर. "डबा: घर नं. ५. बाहेरून कोणी गाणं मागायला आला की पोस्टमन त्याला ५ नंबरच्या दारात नेऊन उभा करतो." आणि खाली एक ओळ. "डबा कधी बंद पडत नाही, म्हणून नंबर बदलत नाही."

कधी बंद पडत नाही! स्वतःबद्दलही तुम्ही असंच समजत होतात ना?

तीन दिवस मी त्या वहीशी झटापट केली. बुधवारी ॲपमध्ये एक बटण दिसलं, घरातलं यंत्र शोधा. दाबलं. ॲपने इकडेतिकडे चाचपून सांगितलं, यंत्र सापडलं, घर नंबर तेवीस. तेवीस का, ते मला कळलं नाही, पण मी 'हो' म्हणाले, आणि माझ्या फोनमधून नागपूर फेरी सुरू झाली! मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मग धावत रशीदभाईंना फोन केला.

"रशीदभाई, लावून बघा!"

बराच वेळ गेला. "नै भाभी. गोल गोल फिरताच है."

म्हणजे घरातल्या घरात गाणं, बाहेर नाही. अजितला सांगितलं तर म्हणतो, "तुला ऐकू येतंय ना? मग झालं की."

झालं की! मला ऐकायचं असतं तर मी कॅसेट लावली असती. कपाटात आहेतच. एकट्या माझ्यासाठी वाजणारा डबा तुम्ही केला होतात का? रशीदभाई दुपारी खाटेवर पडून सोलापूरला जातात, भाऊजी. डोळे मिटलेले, आणि गाण्यावरून त्यांना कळतं, आता मांजरसुंब्याचा घाट आला, आता येरमाळा, आता येडशी. त्यांची सून सांगते, मध्येच उजवा पाय ब्रेकवर जातो. तुमच्यासाठी इथे आला तेवढं सोडलं, तर चोवीस दिवस तो माणूस गेवराईच्या बाहेर पडलेला नाही.

आता सकाळचे दहा वाजलेत. वन्सं देवापुढे बसल्यात. शाळेत गणित अडलं की सिस्टर म्हणायच्या, उत्तराकडे बघू नकोस, प्रश्न पुन्हा वाच. म्हणून वही पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. ही दोन पानं एकमेकांना चिकटलीत, तेलाचा हात लागलाय तुमचा... यात लिहिलंय, "पोस्टमनकडे कोणतं घर कोणाला दिलंय त्याची यादी असते. ती अशी उघडावी." आणि खाली पासवर्ड.

थांबा. हे पान मी वाचलंच नव्हतं. नंतर लिहिते.

*

आज रविवार. दुपारचे तीन. अजितची गाडी गेली. मी गाडीत नाही!

आता क्रमाने सांगते.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे फोनवर राउटरचं पान उघडलं. यादी आली. केवढी यादी! तेरा दिवसांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनचं नाव तिथे बसलेलं. माणसं निघून गेली, नावं तशीच. चार नंबरला टीव्ही. आणि पाच नंबरला, कोण असेल? 'कमलआत्या'!

अजितने वन्संना फोन घेऊन दिला तेव्हा त्यानेच ते नाव त्यात घातलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कमलआत्या, घर नंबर पाच. आणि आपला डबा कुठे, तर पार खाली, तेवीसला.

त्या क्षणी मला काय आठवलं, सांगू? मी आठवीत होते. विषमज्वर होऊन महिनाभर शाळा बुडली. परत गेले तर खिडकीजवळच्या माझ्या बाकावर नवी मुलगी बसलेली. मी दारातच रडायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "बाक रिकामं होतं, शैला. रिकामं बाक कोणाचंच नसतं." मला वर्षअखेरपर्यंत मागे बसावं लागलं. मैत्रिणी मात्र मधल्या सुट्टीत सवयीने त्या खिडकीतूनच मला हाका मारायच्या.

अहो, हेच झालं होतं! डबा तेरा दिवस गैरहजर, पोस्टमनने त्याचा पाच नंबर वन्संच्या फोनला देऊन टाकला. डबा परत आला तेव्हा त्याला शेवटचं घर मिळालं. आणि तुम्ही पोस्टमनला सांगून ठेवलेलं, बाहेरचा कोणीही आला की पाचलाच न्यायचा. रशीदभाई रोज गाणं मागत होते आणि पोस्टमन त्यांना वन्संच्या फोनच्या दारात उभं करत होता! तो बिचारा दार कशाला उघडेल?

तुमच्यावर इतकी चिडले! पाच नंबर वहीत लिहिलात, मला सांगायला निघालात, पण राउटरला एकदा बजावून ठेवायचं ना, की हे घर डब्याचं, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. तशी सोय आहे तिथे, यादीच्याच खाली. तुम्हाला माहीत नव्हती? छे. माहीत होती, गरज वाटली नाही. तुमचा विश्वास इनव्हर्टरवर आणि नशिबावर.

मी वन्संकडे गेले. "वन्सं, तुमचा फोन थोडा वेळ बंद करा."

"कावून? कीर्तन चालू हाय."

"डब्याचा नंबर तुमच्या फोनला गेलाय."

"म्या कुणाचं काय घेतलं न्हाई बाई!" मग त्यांनी माझ्या हातातली वही पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "आगं, वरीस तर सरू दे. तेरावं होऊन पंधरा दिस न्हाई झाले आन् तू गाणी लावाया निघालीस? लोक काय म्हंतील? आधीच काय कमी बोलले व्हते?"

आधीच काय कमी बोलले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी ते माझ्या तोंडावर बोललं.

भाऊजी, मी आवाज चढवला नाही. कॉन्व्हेंटची पोर, चढवता येतच नाही. मी म्हणाले, "बोलले ना. नऊ वर्षं बोलले. त्यांना पाय धुवायला पाणी देऊनच मी जेवायला वाढत होते. पण दवाखान्याच्या दारात मी एकटी उभी होते तेव्हा त्यातलं एकही तोंड तिथे नव्हतं. तेरा दिवस या घरात तुमच्या नातवंडांची गाणी वाजली, क्रिकेट वाजलं, तेव्हा सुतक कुठे गेलं होतं? ते त्या एका मुक्या डब्यालाच लागलं होतं का?"

त्यांचे डोळे भरले. "माझा भाऊ गेला गं."

"आणि माझं कोण गेलं?" मी विचारलं.

आपल्या भाषेत इतकी नाती आहेत, मामेसासूलाही शब्द आहे, पण नऊ वर्षं एका ताटलीतली चटणी वाटून खाल्लेल्या दिरासाठी रडणाऱ्या बाईला काय म्हणतात?

मी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. हो, घेतला! वयाने मोठ्या नणंदेच्या हातातून. बटण दाबून बंद केला आणि त्यांच्या जपमाळेशेजारी ठेवला. त्यांनी परत उचलला नाही.

मग बसले कपाटापुढे जमिनीवर. प्रत्येक यंत्राच्या अंगावर जन्मखूण असते, बारा आकडे-अक्षरांची, कधी न बदलणारी, असं तुम्ही लिहिलंय. ती डब्याच्या पाठीवर आहे, तीही इतकी बारीक की मला तांदूळ निवडायचं भिंग लावावं लागलं. एक अक्षर चुकलं, राउटरने नाकारलं. पुन्हा घातली. या खुणेचा जो कोणी असेल त्याला पाच नंबर, कायमचा. जपून ठेवा? हो. नक्की? हो म्हणते ना!

डब्याची वायर मी माझ्या हाताने काढली आणि माझ्याच हाताने लावली. दिवा लुकलुकला, विझला, लागला. यादी पुन्हा उघडली. घर नंबर पाच. डबा.

रशीदभाईंना फोन केला नाही. बुधवारी एकदा त्यांना उगाच उठवून बसवलं होतं, पुन्हा तोंडघशी कोण पडणार? भाकरी थापायला गेले. दोन थापल्या, तिसरी तव्यावर, चौथी करपवली. तास होऊन गेला तरी काही नाही. म्हटलं, गेलं. आता बॅग भरायची. कुठली पातळं न्यायची याचा विचारसुद्धा सुरू केला होता.

फोन वाजला. रशीदभाई. हॅलो नाही, काही नाही. मागे गाणं चालू.

"भाभी," ते म्हणाले, "येरमाळा आया."

"कधी निघालात?" एवढंच विचारलं.

"घंटा हो गया. चौसाळे में रुक के फोन करने का था, पन गाना ऐसा लगा की गाडी रुकीच नै."

माझ्या दारावरून गेले की हो ते, न थांबता! मी हसले की रडले, वन्संना कळलं नाही, त्या दारात येऊन उभ्या होत्या. मग करपलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

आज सकाळी अजित आला. डिकीतून रिकामी खोकी काढून ओट्यावर ठेवली, माझं सामान भरायला. मी म्हणाले, "आधी परीक्षा घे." त्याने फोनचं वायफाय बंद केलं, हायवेपर्यंत चालत गेला. खिडकीतून मला दिसत होता. कानाला फोन लावून पेट्रोलपंपाच्या सावलीत कितीतरी वेळ उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "चालतंय. काकाने घाटात ते गाणं का टाकलंय ते मला आज कळलं."

मग खुर्चीत बसला. "पण आई, उद्या परत बंद पडला तर?"

"परत लावीन."

"आणि तू पडलीस तर?"

हा प्रश्न खोटा नव्हता, भाऊजी. त्याचा आवाज त्या वेळी अगदी तुमच्या भावासारखा झाला. मला माहीत आहे, गुडघा दुखतो. माझ्या हातात हात देऊन बीडपर्यंत नेणारं आता घरात कोणी नाही. मी त्याला फसवलं नाही. म्हणाले, "पडेन तेव्हा न्यायला ये. न भांडता येईन. पण अजून पडलेली नाही. न पडलेल्या माणसाला उचलून नेऊ नकोस."

तो उठला आणि खोकी डिकीत परत टाकली.

वन्संना तो गेवराईला त्यांच्या घरी सोडणार होता. निघताना त्या पायरीवर थांबल्या. "वरीसभर मी या घरात पाय ठिवायची न्हाई, सांगून ठिवते."

"वर्षाने या. डबा चालूच असेल."

"लई वर तोंड झालंय तुजं."

"उशीरच झाला त्याला," मी म्हणाले. त्यांनी पदर सारखा केला, गाडीत बसल्या, आणि काच खाली करून विचारलं, "माझा फोन आता कितव्या घरात हाय?"

"आठव्या."

"बरं हाय," म्हणाल्या आणि काच वर केली.

पण गाडी सुरू होण्याआधी मी अजितला परत बोलावलं. एक कागद लिहून ठेवला होता, सिस्टरांच्या वळणदार अक्षरात. त्याला मोठ्याने वाचायला लावला. "माझ्या मागे तेरा दिवस घरात जे पाळायचं ते पाळा. फक्त मधल्या खोलीतल्या कपाटातली वायर काढायची नाही. कोणी काढायला गेलं तर हा कागद दाखवायचा." पहिलं वाक्य वाचताना तो हसत होता. शेवटचं वाचून त्याने पेन मागितलं. सही केली. वन्संना साक्षीदार म्हणून सही करा म्हटलं तर गाडीतूनच ओरडल्या, असल्या अभद्र कागदाला त्या बोटही लावणार नाहीत. नका लावू. एक सही पुरे आहे.

आता घरात मी एकटी. तुम्हाला एक वचन देते, आणि अजितला रागात दिलेल्या त्या शब्दासारखं नाही, चांगलं विचार करून.

हैदराबाद फेरीच्या अकरा कॅसेटी तुम्ही डब्यात भरल्या नव्हत्या. ट्रंकेत आहेत. दमट जागेत राहून पट्टीचे थर एकमेकांना चिकटलेत, काही ठिकाणी बुरशी आहे, म्हणून तुम्ही त्यांना हात लावायला घाबरत होतात, हे मला ठाऊक आहे. रशीदभाईंना सांगितलं तर म्हणाले, "हैदराबाद? भाभी, वो रस्ता मेरे को अब आधा भूल गया." मग त्यांना ते आठवलंच पाहिजे. उद्या सकाळी पहिली कॅसेट उन्हात नाही, सावलीत वाळवीन, पेन्सिलने हळूहळू उलगडीन, पट्टी तुटली तर चिकटवीन. एखादं गाणं जाईल. दोन जातील. पण अकराच्या अकरा डब्यात जातील, आणि कुठल्या गावाजवळ काय गेलं ते मी यादीत लिहून ठेवीन, म्हणजे गाणं नसलं तरी ड्रायव्हरला कळेल की इथे वळण आहे.

तुमची,
शैलावहिनी